कपाटाखालची शेंगी

दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. "दोन गिनी पिग, पिंजरा आणि पाण्याच्या बाटलीसकट द्यायचे आहेत. हातात येत नाहीत, जवळ गेलं की पळतात. मुलं कंटाळली. हवे असल्यास आजच घेऊन जाणे." खाली तीन अंगठे, आणि एकाने लिहिलंय, "त्यापेक्षा सशाचं पिल्लू आणा की." भाकरी थापत होते. तवा तसाच ठेवून मेसेज दोनदा वाचला. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून इथे लिहितेय.

मुलं कंटाळली म्हणे! सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची यात्रा झाल्यावर आणलेले जीव, अजून पाडवासुद्धा आलेला नाही. दोन महिन्यांत कंटाळा? आणि दोष कुणाचा, तर त्या जनावरांचा. का, तर ती हातात येत नाहीत.

आमच्या घरच्या दोन गिनी पिगना, शेंगी आणि चटणीला, येऊन दोन वर्षं होतील. नावं लेकीने ठेवली, सोलापूरची पोर दुसरं काय ठेवणार. त्या आल्या त्या संध्याकाळी बहीण भाच्याला घेऊन आली होती. खोक्यातून काढताना शेंगी निसटली आणि थेट लोखंडी कपाटाखाली गेली. मी पालथी पडले, झाडूच्या दांड्याने तिला कोपऱ्यात रेटलं, वरून पंजा टाकून पकडलं आणि भाच्याच्या ओंजळीत दिलं, फोटोसाठी. ती जरासुद्धा हलली नाही. सगळे म्हणाले, "किती शांत आहे बघ की!" मीही म्हणाले. कौतुकाने म्हणाले.

तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात शेंगीचे डोळे इतके फाकलेत की कडेचं पांढरं दिसतंय. शांत कसली, भीतीने गोठली होती ती. या प्राण्याकडे शिंगं नाहीत, पळून झाडावर चढता येत नाही, उलटून हल्ला करणं स्वभावात नाही. त्याच्याकडे दोनच गोष्टी, बिळात घुसणं किंवा दगडासारखं निश्चल होणं. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. तिथे त्याच्या पूर्वजांवर जे झडप घालायचं ते पुष्कळदा वरून यायचं. आपल्या गच्चीवर घार घिरट्या घालायला लागली की कोंबडीची पिल्लं कशी चिडीचूप होतात, तसंच. आणि आपण काय करतो? पिंजऱ्याचं झाकण उघडून वरून हात घालतो. त्याच्या लेखी ती घारच.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दुकानात सांगितलं, "चावत नाही, मुलांसाठी एकदम बेस्ट." तेवढंच. अहो, चावत नाही म्हणजे त्याला काही वाटत नाही असं थोडंच आहे!

मग आम्ही काय केलं ते सांगते, कारण ग्रुपवर एवढं लिहिता येत नाही. पहिले आठ-दहा दिवस हातच लावला नाही. पिंजरा हॉलच्या कोपऱ्यात, दोन बाजूंनी भिंत, आत लपायला दोन पुठ्ठ्याची खोकी. प्रत्येकीला आपलं, आणि दोन्ही खोक्यांना दोन दारं, म्हणजे एकीने दुसरीला कोंडायला नको. खाली टॉवेल. टॉवेलला आपल्या गावात काय तोटा? फक्त त्याच्या धाग्यांत नख अडकतं, म्हणून नखं वाढू द्यायची नाहीत. रोज संध्याकाळी मी भाजी निवडायला तिथेच जमिनीवर बसायचे. त्यांच्याकडे बघायचं नाही, हात वर न्यायचा नाही, फक्त तळवा जमिनीला टेकवून ठेवायचा, त्यात कोथिंबिरीची काडी. आणि बोलत राहायचं, काहीही, किराण्याची यादीसुद्धा.

एकोणिसाव्या दिवशी शेंगीने काडी ओढली आणि पळाली. पळाली तरी मला रडू आलं. कपाटाखालून ओढून काढलेली तीच ही, माझ्या त्याच हातापाशी स्वतःहून आली होती.

चटणी तशी धीट. दीड महिन्यात पेरूच्या फोडीसाठी मांडीवर चढायला लागली. (पेरू आणि ढोबळी मिरची दोन्ही त्यांना चांगली. आपल्यासारखंच त्यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोजच्या खाण्यातूनच लागतं. पेरूची मात्र लहान फोड, कारण गोड.) शेजारच्या आज्जी तिला "रा, रा" म्हणून तेलुगूत हाक मारतात, तर ही माझ्याआधी त्यांच्याकडे धावते. आता कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज झाला की दोघी अशा शिट्ट्या मारतात की खालच्या मजल्यावर ऐकू जातं. मनात आलं की जागच्या जागी टुणकन उडतात, चारही पाय हवेत. ते बघितलं नाही त्याने काय पाळलं?

पण शेंगी अजूनही उचलू देत नाही. दोन वर्षांनीसुद्धा. हातातून खाते, बोटांना नाक लावते, मी शेजारी असताना पाय पसरून झोपते. उचलायला गेलं की मागे सरते. आणि मी ते मान्य केलंय. माझ्या काही जवळच्या माणसांनाही मिठी मारलेली आवडत नाही, म्हणून त्यांचं माझ्यावर प्रेम नाही असं मी म्हणत नाही.

हो, उचलावं लागतंच कधीतरी, कबूल. दर रविवारी वजन करते, स्वयंपाकघरातल्या काट्यावर. आजारी पडलं तर हे प्राणी दाखवत नाहीत, वजन घटतं तेव्हाच कळतं. एक दिवस जरी खाल्लं नाही तरी जिवावर बेततं. पण त्यासाठी पाठलाग कशाला? टोपलीत टॉवेल टाकायचा, आत हरळी ठेवायची, शेंगी आपल्या पायाने आत जाते, मग टोपली उचलायची. अगदीच हातात घ्यावं लागलं तर एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, आणि चारही पाय आपल्या अंगाला टेकलेले. लहान मुलांनी उभं राहून उचलायचंच नाही. कमरेच्या उंचीवरून पडलं तरी पाय मोडतो, दात तुटतो, पाठीला लागतं.

आणि ते रील्स! गिनी पिगला पाठीवर उताणं ठेवायचं, ते गप्प पडतं, खाली लिहायचं "झोपलं माझं बाळ". लाखभर लोक बदाम टाकतात. अहो, ते झोपलेलं नाही! मेल्यासारखं पडलंय, आता मला खाणार या भीतीने. मला ते बघताना दर वेळी भाच्याच्या ओंजळीतली शेंगी दिसते. तेव्हा आम्हीही असेच हसत होतो.

मुलांना वाट बघवत नाही, हेही खरं आहे. माझीच लेक पहिल्या आठवड्यात रुसली होती, "मला हातातच येत नाही" म्हणून. पण तिला घेऊन बसले रोज पंधरा मिनिटं. आज ती मैत्रिणी आल्या की दारातच सांगते, वरून हात घालायचा नाही, आधी खाली बस.

मुलांवर राग नाही माझा. राग मोठ्यांवर आहे, जे खेळण्यासारखं आणतात आणि खेळण्यासारखं देऊन टाकतात. आता उन्हाळा तोंडावर आलाय. सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर पारा गेला की यांना त्रास सुरू होतो, आणि आपल्याकडे बेचाळीसला आपणच धापा टाकतो. आम्ही खिडकीला ओली चादर बांधतो, बाटलीत पाणी गोठवून टॉवेलात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवतो. पाणी चार-पाच दिवसांआड येतं तरी त्यांची बाटली रोज बदलते. नवीन घरी नवीन माणसं हे करतील? की तिसऱ्या घरी पाठवतील, आणि तिथेही कपाटाखालून झाडूने काढतील?

एवढं लिहून झाल्यावर न राहवून मेसेज टाकणाऱ्या त्या वहिनींना फोन केला. भांडायचंच ठरवलं होतं. पण त्या म्हणाल्या, "आम्हाला वाटलं आम्ही त्यांना आवडत नाही." आवाज इतका बारीक होता की माझा पारा उतरला. त्यांना तरी कुणी सांगितलं होतं?

मेसेज काढलाय त्यांनी ग्रुपवरून, सध्यापुरता. उद्या संध्याकाळी हरळी आणि कोथिंबीर घेऊन जाणार आहे. त्यांच्या दोन्ही मुलांना जमिनीवर बसवायचं, शेजारी मी. लेकही येते म्हणाली. तिथे शेंगीचा तो फोटो दाखव त्यांना, म्हणाली.