वीस जणांतला एक

मे महिन्यात म्हापशाहून पणजीला बसने यायचे म्हणजे पर्वरीपर्यंतच शर्ट पाठीला चिकटतो. घाम येतो, पण हवेतच इतका ओलावा की तो वाळायचे नाव घेत नाही. पाटोवर उतरून धापा टाकत ऑफिसचे काचेचे दार ढकलायचे, की तोच ओला शर्ट पाठीवर बर्फाच्या लादीसारखा बसतो. एसी अठरावर. माझी खुर्ची बरोबर झोताखाली.

शेजारच्या बाई भर मेमध्ये स्वेटर घालतात. पलीकडे पश्चिमेच्या काचेला टेकून बसलेले दोघे दुपारी तीननंतर फायलीने वारा घेतात. मधोमध बसलेली मंडळी तेवढी सुखी. रिमोट साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, आणि साहेब बाराही महिने ब्लेझरमध्ये.

एकदा चिडून मी अभ्यासच केला. विलिस कॅरियर या अमेरिकन इंजिनिअरने १९०२ साली एसीची ही यंत्रणा आखली ती ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी. दमट हवेत कागद फुगायचा, रंग जागेवर बसत नसत. म्हणजे मूळ सोय कागदाची! आमच्या फायली खूश का दिसतात, ते तेव्हा कळले. पुढे फँगर नावाच्या डॅनिश प्राध्यापकाने माणसांचाही हिशेब मांडला: हवेचे तापमान, भिंती-काचांची धग, दमटपणा, वारा, अंगमेहनत आणि कपडे. कपड्यांची ऊब मोजायचे एकक 'क्लो'; सूट म्हणजे साधारण एक क्लो, आमचा शर्ट-पँट त्याच्या निम्मा. थोडक्यात, ब्लेझर एकाचा, हुडहुडी सगळ्यांना.

टिपण घेऊन साहेबांकडे गेलो. म्हटले, सव्वीसवर ठेवून पंखे लावू. अंगावर वारा खेळला की दोन-तीन अंश जास्त असले तरी जाणवत नाहीत. आजीच्या कौलारू घरात आम्ही तसेच वाढलो. साहेबांनी वर पाहिले. फॉल्स सीलिंगला हूकच नव्हता. (खिडक्यांना कडीही नाही, पण ते मी गिळले.)

मग त्यांनी टिपणाची शेवटची ओळ मोठ्याने वाचली: हिशेब कितीही चोख जमला, तरी पाच टक्के लोक नाराज राहतातच.

"आपण किती जण?"

"वीस."

"विसाचे पाच टक्के?"

मी गप्प. साहेबांनी ड्रॉवर उघडला. रिमोट निघेल म्हणून मी हात पुढे केला, तर हातावर शाल पडली, त्यांच्या गेल्या वर्षीच्या सत्कारातली. श्रीफळ मात्र त्यांनी तेव्हाच घरी नेले होते.