खिशात दमडी नसलेल्याला बोटीत कोण घेणार? (एका कमेंटला उत्तर)

नमस्कार. तुमची कमेंट वाचली. उत्तर कमेंटबॉक्समध्ये मावणारं नाही म्हणून इथं वेगळं लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की एकोणिसाव्या शतकात बोहेमिया-मोराव्हियातून, म्हणजे आजच्या चेक देशातून, अमेरिकेला जे लोक गेले ते बहुतेक अख्खी कुटुंबंच्या कुटुंबं गेली आणि तो घराघरात विचार करून घेतलेला निर्णय होता. त्यावर तुमचं म्हणणं असं की हे सगळं गोड गोड लिहिलंय, तुमच्या ऑफिसातला टेक्ससचा चेक कलीग सांगतो की त्याचे पूर्वज खिशात दमडी नसताना आले आणि एलिस आयलंडवर (बाहेरून येणाऱ्यांची तपासणी व्हायची ते बेट) कारकुनानं त्यांच्या आडनावाची वाट लावली, उपाशी माणूस निर्णय-बिर्णय घेत नाही तो सरळ पळतो, आणि आपल्या कोकणातल्या चाकरमान्यासारखा बाप्या आधी गेला असणार, बायका-पोरं मागून. शिवाय ज्या जमिनीवर हे लोक जाऊन बसले ती आधी कुणाची होती यावर मी एक अक्षर लिहिलं नाही.

शेवटचा मुद्दा वजनदार आहे, त्याच्याकडे येतो. पण आधी दमडीचं बघू.

खिशात दमडी नसलेला माणूस तेव्हा अमेरिकेला जाऊच शकत नव्हता हो. नवरा-बायको, चार-पाच पोरं, एखादी आजी, एवढ्या सगळ्यांचं हँबर्ग किंवा ब्रेमेन या जर्मन बंदरापर्यंतचं रेल्वेचं भाडं, मग बोटीचं भाडं, वाटेतलं खाणंपिणं, उतरल्यावर पुन्हा आत हजार मैल जायचा खर्च, हे पैसे आणायचे कुठून? गावात शेतमजुरी करणाऱ्याकडे ते नव्हतेच, आणि मोठ्या शेतकऱ्याला (सेडलाक म्हणायचे त्याला) घरदार सोडायची गरज नव्हती. गेला तो मधला माणूस. त्याला खालुपनीक म्हणायचे, म्हणजे एक छोटं घर आणि थोडी जमीन असलेला. आपल्याला त्यातल्या काहींची दहा-पंधरा एकर जमीन बरीच वाटेल, पण ती डोंगराळ, थंड भागातली, निम्मं वर्ष गारठलेली, आणि नुसत्या तिच्यावर घर चालायचं नाही म्हणून हिवाळ्यात घरोघर माग चालायचे, सूतकताई चालायची. गिरणीचं स्वस्त कापड आलं आणि ती वरकड कमाई गेली. त्यातच १८४० च्या दशकात बटाट्यावर रोग पडला. म्हणजे भूक होती, नाही कोण म्हणतंय, पण जायला निघालेल्यांच्या डोक्यात आजच्या भुकेपेक्षा उद्याची धास्ती जास्त होती, की आपण अजून जमीनवाले आहोत, आपली पोरं मात्र मजूर होणार.

का होणार, तर तिकडच्या रिवाजाप्रमाणे जमिनीचे तुकडे करायचे नाहीत. एका मुलानं सगळं घ्यायचं आणि बाकीच्या भावंडांना त्यांचा वाटा पैशात द्यायचा. म्हणजे जमीन घेणारा सुरुवातीपासून कर्जात आणि बाकीचे भूमिहीन. आईबाप जमीन पोराच्या नावावर करताना म्हातारपणाची लेखी तजवीज करून घ्यायचे, आणि ती तजवीज वाचण्यासारखी असते: राहायला कुठली खोली, वर्षाला राय (गव्हासारखं धान्य) किती मापं, दूध किती, सरपण किती, बटाट्याचे वाफे कुठले, कधी कधी अमुक एका झाडाची सफरचंदंसुद्धा म्हाताऱ्यांची. पोटच्या पोराशी कागद करावा लागतो इतकी घरात ओढाताण. आता असं घर विकून अमेरिकेला जायचं ठरलं तर या कागदाचं काय करायचं, म्हातारा-म्हातारीला न्यायचं की नव्या मालकाच्या भरवशावर ठेवायचं? हे एकटा माणूस रात्रीतून पळून जाऊन सुटणारं प्रकरण नाही, म्हणून मी निर्णय हा शब्द वापरला होता आणि तो मागे घेत नाही.

१८४८ चं पण मध्येच सांगतो कारण तुम्ही ‘गुलामीतून पळाले’ असंही लिहिलंय. जमीनदाराची वेठ (रोबोता) ही १७७५ च्या कायद्यानंतरसुद्धा मोठ्या शेतकऱ्याला आठवड्याला तीन दिवसांपर्यंत भरावी लागायची, ती १८४८ ला संपली. तसा ठराव व्हिएन्नाच्या संसदेत (बोहेमिया तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होता) मांडणारा हान्स कुडलिख नंतर स्वतःच अमेरिकेत जाऊन न्यू जर्सीत डॉक्टरकी करत राहिला, ही एक गंमतच. पण लोकांचा खरा ओघ सुरू झाला तो वेठ संपल्यानंतर! म्हणजे गुलामीतून पळाले हे गणित बसत नाही. उलट आता जमीन स्वतःची झाली, विकता येऊ लागली, म्हणून जाता येऊ लागलं.

आता टेक्ससचंच उदाहरण घेऊ, तुमच्या कलीगचं टेक्सस आहे म्हणून. बेर्गमान नावाचे एक प्रोटेस्टंट पाद्री १८५० मध्ये टेक्ससमध्ये कॅट स्प्रिंगला पोचले आणि त्यांनी घरी पत्रं लिहिली. ती पत्रं पूर्व बोहेमियातल्या चेर्मना गावाच्या परिसरात हातोहात फिरली आणि पेपरातही छापून आली. योसेफ लेशिकार नावाच्या माणसानं ती वाचून लोकं जमवली आणि १८५१ च्या शेवटी एक जत्था निघाला, सगळी कुटुंबं, लेकुरवाळी. हँबर्ग, तिथून लिव्हरपूल, तिथून न्यू ऑर्लिन्स, तिथून गॅल्व्हेस्टन, पुढे ह्यूस्टन आणि मग बैलगाडी. लिव्हरपूलहून निघालेल्या बोटीत इतकी वाईट अवस्था होती की निघालेल्या सत्तरेक लोकांपैकी जेमतेम निम्मे जगले. आणि ज्यानं हे सगळं जमवलं तो लेशिकार त्या बोटीत नव्हताच, कारण त्याची बायको जायला तयार नव्हती! तो घरच्यांना घेऊन १८५३ ला गेला, ब्रेमेनहून थेट गॅल्व्हेस्टनला. एका बाईच्या नकारामुळे एक अख्खं घर वाचलं असं म्हणायला हरकत नाही. इतिहासात तिची ओळख ‘लेशिकारची बायको’ एवढीच राहते हा भाग वेगळा, त्यावर मला कधीतरी चिडून लिहायचंय.

तर बाप्या आधी, बायको मागून हे चेक लोकांच्या बाबतीत सहसा झालं नाही. १८९९ नंतर अमेरिकेनं येणाऱ्यांची वंशवार नोंद ठेवायला सुरुवात केली त्यात दर शंभर चेक माणसांमागे चाळीसच्या वर बायका दिसतात. दक्षिण इटलीहून येणाऱ्यांत त्याच्या निम्म्याच्या आसपास आणि बल्गेरियन-सर्बियन लोकांत तर जवळजवळ सगळेच पुरुष. ते लोक कमावून परत जायच्या हिशोबानं येत, आपल्या चाकरमान्यासारखे, गावचं घर डोक्यात ठेवून. चेक लोकांनी मागे घरच ठेवलं नव्हतं, विकून आले होते. त्यामुळे आल्या आल्या त्यांनी काय काढलं, तर मदत मंडळ. सेंट लुईसमध्ये १८५४ ला सुरू झालेली त्यांची पहिली मोठी संस्था ही आजारपणात आणि मर्तिकाला मदत करणारी होती. शिकागोत एका कॅथलिक पाद्र्यानं एका चेक बाईला कॅथलिक दफनभूमीत जागा नाकारली तर चिडून लोकांनी १८७७ मध्ये स्वतःची दफनभूमीच काढली. मरायचं इथंच, हे आधीच ठरलं होतं.

एक अपवाद मात्र भारी आहे. कुटना होराजवळ सेडलेट्सला जुन्या मठात सरकारी तंबाखूचा कारखाना होता, तिथं बायका सिगार वळायच्या. न्यू यॉर्कमध्ये सिगारचा धंदा वाढला तेव्हा यातल्या काही बायका आधी गेल्या, पैसे साठवले आणि मग नवऱ्यांना बोलावलं. म्हणजे तुमच्या थिअरीच्या अगदी उलट. आणि ते नवरे येऊन काय करत होते तर बायकोकडून सिगार वळायला शिकत होते. चाळीतली एक-दोन खोल्यांची जागा, मालक तोच सिगारचा कारखानदार, म्हणजे भाडंही त्यालाच आणि माल पण त्यालाच. सकाळपासून रात्रीपर्यंत अख्खं घर तंबाखूत, पोरं पानांच्या शिरा काढतायत, त्याच टेबलावर जेवण. घरात सिगार वळण्यावर बंदी घालणारा कायदा झाला तो कोर्टानं १८८५ मध्ये रद्द केला, कारण म्हणे माणसाच्या धंदा करायच्या स्वातंत्र्यावर घाला येतो! हे गोड गोड आहे का सांगा. एकत्र कुटुंबानं गेले याचा अर्थ सुखात गेले असा मी कधीच लिहिला नाही.

प्रेअरीवर, म्हणजे अमेरिकेच्या मधल्या गवताळ माळरानावर, तर आणखी वेगळी तऱ्हा. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं १६० एकर जमीन, फी सगळी मिळून अठरा डॉलर, मुख्य अट ही की पाच वर्षं तिथं राहून कसायची. नेब्रास्का राज्यात सॅलाइन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं), कोलफॅक्स, बटलर, सॉन्डर्समध्ये चेक घरं झाली ती यावर आणि रेल्वे कंपन्यांकडून घेतलेल्या जमिनीवर. पण तिथं राहायची अट म्हणजे ज्यानं त्यानं आपापल्या जमिनीवर राहायचं. बोहेमियातलं गाव म्हणजे घराला घर लागून, आणि इथं शेजारीण अर्ध्या मैलावर. झाडं नाहीत म्हणून लाकूड नाही, मग नांगरानं गवतासकट मातीचे लांब पट्टे काढायचे, त्याचे तुकडे करून गवताची बाजू खाली ठेवून विटांसारखे रचायचे, त्याचंच घर. पाऊस थांबला तरी छत पुढे कितीतरी वेळ गळतच राहायचं, माती खाली पडू नये म्हणून बायका आढ्याखाली कापड ताणून बांधायच्या आणि त्यात कधी कधी साप सापडायचा. १८७४ ला टोळधाड आली तिनं पीक तर खाल्लंच, अवजारांचे दांडेसुद्धा कुरतडले, घामाचं मीठ मुरलेलं असतं ना त्यात. १८९३ च्या उन्हाळ्यात संगीतकार ड्वोर्झाक बायकापोरांसकट आयोवातल्या स्पिलव्हिल या चेक गावात राहायला आला, तिथं तो खूश होता, रोज सकाळी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा, तिथंच त्यानं ते प्रसिद्ध ‘अमेरिकन’ क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची रचना) लिहिलं. पण त्याच उन्हाळ्यानंतर मित्राला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो की इथं माणसं थोडी आणि मोकळी जागा फार, आणि कधी कधी फार उदास वाटतं. पाहुण्याला एका उन्हाळ्यात इतकं जाणवलं तर कायम राहणाऱ्या बाईचं काय झालं असेल.

आता जमीन कुणाची. मागच्या पोस्टचा विषय घर सोडणं हा होता म्हणून ते आलं नाही, पण तुमचा मुद्दा बरोबरच आहे आणि त्यात गुळमुळीत बोलायचं कारण नाही. कोलफॅक्स काउंटी प्लॅट नदीच्या उत्तरेला आहे, ती सगळी पॉनी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची जमीन, १८५७ च्या तहात त्यांच्याकडून घेतली आणि त्यांना लूप नदीकाठच्या एका तुकड्यात कोंबलं. १८७० च्या दशकाच्या मध्यात तोही तुकडा सोडून त्यांना आजच्या ओक्लाहोमात जावं लागलं. बरोबर त्याच वर्षांत चेक कुटुंबं उतरत होती. स्वतः जमीन जाण्याच्या भीतीनं निघालेल्या माणसांना दुसऱ्याची गेलेली जमीन मिळाली. त्यांनी बंदूक रोखून घेतली नाही, सरकारी कचेरीत फी भरून घेतली, पण फायदा झालाच. टेक्ससलाही जे १८५० च्या दशकात पोचले ते गुलामगिरीच्या राज्यात पोचले. चेक लोकांत गुलाम बाळगणारे फार थोडे, पण कापसाचा बाजार त्याच व्यवस्थेवर उभा होता आणि लवकरच हे लोकही कापूसच लावायला लागले.

लष्कराचं राहिलं. १८६६ ला ऑस्ट्रियाचं प्रशियाशी (उत्तरेकडचं जर्मन राज्य) युद्ध या चेक लोकांच्याच शेतांमधून झालं, १८६८ पासून सक्तीची भरती, तीन वर्षं. देश सोडायला ऑस्ट्रियाच्या १८६७ च्या घटनेनं मोकळीक दिली होती, अडसर फक्त लष्करी नोकरीचा. म्हणजे पोरगा भरतीच्या वयाचा व्हायच्या आत निघायला हवं. पुन्हा तेच, जायची तारीख थोरल्या मुलाच्या वयावरून ठरतेय.

आणि तुमच्या कलीगला एवढं विचारा: त्यांचं कुटुंब टेक्ससला आलं ते कधी आणि कुठल्या बंदरात? एलिस आयलंड सुरूच झालं १८९२ ला, ते पण न्यू यॉर्कला. टेक्ससची चेक मंडळी बरीचशी ब्रेमेनहून थेट गॅल्व्हेस्टनला उतरायची. आणि एलिस आयलंडचा कारकूनसुद्धा नावं स्वतः लिहीत नव्हता, बोटीवरून आलेल्या यादीवर बरोबरच्या खुणा करायचा. स्पेलिंग बदललं ते बहुतेक पुढे शाळेत, दुकानात, आणि पुष्कळदा लोकांनी स्वतःच. फेयेट काउंटीतले असतील तर मूळ मोराव्हियातले असण्याची शक्यता जास्त, फ्रेनश्टाटच्या आसपासचे. काउंटी कळली की इथंच कमेंटमध्ये टाका, पुढचं बघू.