मिठी ‘नाला’ असल्याचा फॉरवर्ड

मुंबईत पाऊस लागला की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मिठी ही नदी नाहीच. विहार तलावाचं जास्तीचं पाणी काढून द्यायला इंग्रजांनी खोदलेला तो नाला. तिला स्वतःचा उगम नाही, २००५च्या पुरानंतर सरकारने तिला नदी ठरवलं, आणि तिच्यात वाहतं ते नुसतं सांडपाणी.

उगमाचं आधी बघू, कारण सगळी गफलत तिथली आहे. आज मिठी विहारच्या सांडव्यापासून सुरू होते, हे बरोबर. पण विहार तलाव काही निसर्गाने दिलेला नाही. मुंबईला नळाचं पाणी मिळावं म्हणून बांधलेलं ते धरण, १८६० साली पूर्ण झालेलं. धरण बांधायला आधी वाहतं पाणी लागतं. आज जे राष्ट्रीय उद्यान आहे त्या डोंगरांवरचा पाऊस या खोऱ्यातून खाली येतच होता, इंग्रजांनी तो वाटेत अडवला. तलाव नदीवर झाला आणि फॉरवर्डवाल्यांनी नदीच तलावाच्या पोटी घातली. हाच न्याय लावायचा तर कोयना धरणाच्या खालची कोयनाही नालाच म्हणावी लागेल. पुढे साधारण दोन किलोमीटरवर पवई तलावाचं जास्तीचं पाणी येऊन मिळतं. तोही बांधलेलाच तलाव.

आता ‘खोदलेला’. विहार ते माहीम हे अंतर सुमारे १८ किलोमीटर. आरे, सीप्झ, मरोळ, साकीनाका, कुर्ला, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी आणि शेवटी माहीमची खाडी. वरच्या भागात उतार चांगला, पात्र अरुंद. खाली जमीन सपाट होते आणि पात्र पसरतं. वाटेत वाकोला नाल्यासारखे प्रवाह येऊन मिळतात. उताराचा माग काढत पाणी जसं जाईल तशीच ही वाट आहे. माणसाची करामत बघायचीच असेल तर विमानतळापाशी जा. धावपट्टीसाठी तिला तिथे काटकोनात वळवलंय. नदी स्वतःहून असं वळण घेत नाही, आणि पुराच्या पाण्याला ते मानवतही नाही.

२००५बद्दलचं म्हणणं अर्धं खरं आहे. २६ जुलैला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, ऑगस्टमध्ये मिठीसाठी प्राधिकरण नेमलं गेलं, आणि तोवर तिला नाला म्हणणाऱ्या कितीतरी मुंबईकरांनी तिचं नाव तेव्हाच नीट ऐकलं. पण मुंबईकरांना उशिरा कळलं म्हणून नदी उशिरा जन्मत नाही. तिच्या मुखाच्या उत्तरेला वांद्र्याचा किल्ला, दक्षिणेला माहीमचा. मधली खाडी ओलांडायला १८४५ साली माहीमचा कॉजवे झाला, म्हणजे विहारचं धरण पुरं व्हायच्या १५ वर्षं आधी. नाला म्हणण्यात एक सोय मात्र आहे. नाल्यात भराव टाकला, त्याच्या काठावर शेड उभी केली, तर कोणाला फारसं वावगं वाटत नाही.

राहिलं सांडपाणी. पावसाळा सोडला तर तिच्यात बहुतेक तेच असतं, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण ते आपण सोडलेलं आहे, त्यावरून नदीची जात ठरवू नये. शिवाय खालच्या टप्प्यात ती निव्वळ सांडपाण्याची उरत नाही. भरतीला समुद्राचं पाणी माहीमच्या खाडीतून आत चढतं, म्हणून तर तिथे तिवरं टिकून आहेत. वांद्रे-कुर्ला संकुल ज्या जमिनीवर उभं आहे ती अशीच खाजण होती, आणि पुराचं पाणी पसरायला ती जागा कामी यायची. भराव पडला, जागा गेली. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की वरून येणाऱ्या पाण्याला समुद्र आत घेत नाही आणि काठालाही पसरायला वाव नसतो. मग ते कुर्ल्याच्या वस्त्यांत शिरतं.