मॉर्क बोर्गची सप्लिमेंट्स आणि बॅलन्सची तक्रार: एका प्रतिक्रियेला उत्तर

‘मॉर्क बोर्ग’ या मरणपंथाला लागलेल्या जगातल्या टेबलटॉप रोलप्लेइंग गेमसाठी बाहेरच्या लोकांनी लिहिलेल्या सप्लिमेंट्सचं (जोडपुस्तकांचं) मी कौतुक केलं, ते तुम्हाला पटलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: यात नियम कमी आणि सजावट जास्त, कुणी तपासत नसल्यामुळे बॅलन्सचा (लढती तोलामोलाच्या असण्याचा) पत्ता नाही, मोठं कॅम्पेन (अनेक बैठकांची सलग मोहीम) चालेल असं एकही सापडत नाही, आणि मूळ पुस्तक पुरेसं असताना हौशी लोकांना पैसे का द्यायचे. सजावटीबद्दल बरंचसं खरं आहे, त्याकडे नंतर येतो. आधी बॅलन्स, कारण खरा मतभेद तिथे आहे.

बॅलन्स बिघडायचा तर तो आधी असावा लागतो. या गेममध्ये कॅरेक्टरचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) म्हणजे टफनेस, अर्थात चिवटपणा, अधिक एक डी८ (आठ बाजूंचा फासा). फासा वाईट पडला की एका हिट पॉइंटवर खेळायला बसायचं, आणि नियमांना त्यात काही वावगं वाटत नाही. कॅरेक्टर ‘सुधारतं’ तेव्हा प्रत्येक अ‍ॅबिलिटीसाठी (ताकद, चपळाई अशा गुणांसाठी) डी६ टाकायचा. आकडा कमी आला तर ती अ‍ॅबिलिटी एकानं घटते. इतके पराक्रम करून माणूस आधीपेक्षा दुबळा होऊ शकतो, हे मूळ पुस्तकातच लिहिलंय. अशा गेमच्या सप्लिमेंटकडे मोजूनमापून रचलेल्या लढती मागण्यात काय हशील?

त्यात हल्ल्याचे आणि बचावाचे फासे प्लेअरच टाकतात. हल्ला करायचा तरी डी२० प्लेअरचा, हल्ला चुकवायचा तरी त्याचाच, आणि बहुतेक वेळा गाठायचा आकडा १२. मॉन्स्टरला स्वतःचा अटॅक बोनस लागतच नाही. हिट पॉइंट, मोराल (पळ न काढता टिकायची हिंमत), चिलखताचा फासा, डॅमेजचा फासा आणि एखादी ओंगळ खोड, झाला मॉन्स्टर तयार. दोन-तीन ओळींच्या स्टॅट ब्लॉकमध्ये लेखकाची गफलत लपून राहत नाही. कुणी डॅमेजला डी१२ ठेवला असेल तर जीएमला (खेळ चालवणाऱ्याला) तो वाचताक्षणी कळतो, आणि पेन्सिलनं डी६ करायला क्षणभर पुरतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीत गोष्ट वेगळी आहे. तिथे चॅलेंज रेटिंग (मॉन्स्टर किती अवघड तो आकडा) असतं, अ‍ॅक्शनची साखळी असते, आणि बाहेरून आणलेला मॉन्स्टर कॅरेक्टर्सच्या अख्ख्या पार्टीला कुठे अडकवेल ते लढाई सुरू झाल्यावरच कळतं. तुमची भीती त्या गेममधून आली असावी असा माझा अंदाज आहे, आणि तिथे ती रास्तही आहे.

मूळ पुस्तक पुरेसं आहे का? नियमांपुरतं, हो. पण त्या पुस्तकाची लिहिण्याची रीतच अशी की एखादी भयंकर गोष्ट ते एका ओळीत सांगतं आणि पुढे निघून जातं. गॉब्लिनचंच घ्या. गॉब्लिननं हल्ला केलेला माणूस काही दिवसांत स्वतःच गॉब्लिन होतो. त्याआधी तो गॉब्लिन मारला तरच सुटका. पुस्तक एवढ्यावर थांबतं. आता हा शाप एखाद्या गजबजलेल्या गावात शिरला तर? कोण कुणाला कोंडून ठेवेल, बाधा झालेल्याला लपवण्यासाठी घरचे काय काय करतील, ‘गॉब्लिन मारून देतो’ म्हणत दारोदार फिरणारे भोंदू किती माजतील? या प्रश्नांची उत्तरं कुणीतरी लिहावीत म्हणूनच ती जागा मोकळी सोडलीय असं मला वाटतं. मूळ लेखकांनी चाहत्यांचं लेखन गोळा करण्यासाठी ‘मॉर्क बोर्ग कल्ट’ सुरू केलं आणि त्यातूनच ‘फेरेटरी’, ‘हेरेटिक’ ही छापील झीन्स (छोटी हौशी पुस्तकं) आली. अधिकृत आणि हौशी यांच्यातली भिंत तुम्ही म्हणता तेवढी उंच नाही.

तशी ती पूर्वीही नव्हतीच. ‘जजेस गिल्ड’ ही बाहेरची मंडळी 1976 पासून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’साठी शहरं आणि नकाशे छापत होती. या छंदाइतकीच ही परंपराही जवळपास जुनी आहे.

मॉर्क बोर्गच्या थर्ड पार्टी लायसन्सवर (बाहेरच्यांना गेमसाठी छापू देणाऱ्या परवान्यावर) तुम्ही रागावलात, कारण त्याखाली ‘कुणीही काहीही छापून मोकळा होतो’. छापतो खरा. पण मूळ मजकूर आणि चित्रं उचलता येत नाहीत, आणि ही स्वतंत्र निर्मिती आहे, मूळ निर्मात्यांचा तिच्याशी संबंध नाही, हे पुस्तकात स्पष्ट लिहावं लागतं. सुसंगततेचा लोगो सांगतो की नियम जुळतात, बस. दर्जाची हमी म्हणून तो कुणी वाचत असेल तर लायसन्सचा काय दोष? आणि मोकळीक किती मोलाची असते ते जानेवारी 2023 मध्ये सगळ्यांनी पाहिलंच. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे नियम इतरांना वापरू देणारं ओपन गेम लायसन्स बदलण्याच्या नुसत्या हालचालीनं, वर्षानुवर्षं त्यावर पोट भरणाऱ्या छोट्या प्रकाशकांची झोप उडाली होती.

मोठं कॅम्पेन मिळत नाही म्हणता, तर कॅलेंडरचा नियम आठवा. गेममधल्या प्रत्येक पहाटे फासा टाकायचा, एक आला की एक अरिष्ट कोसळतं, आणि सातव्या अरिष्टाला जग संपतं. फासा कोणता ते टेबलावर ठरतं. डी२ घेतला तर सरासरी दोन आठवड्यांत खेळ खलास, डी६ ला सहा आठवडे, डी१०० ला सातशे दिवस. मरायला टेकलेल्या जगासाठी चारशे पानांची मोहीम कोण लिहील? एका बैठकीत संपणारं डंजन (धोक्यांनी भरलेलं भुयार), एका पानावरचा शापित मठ, हीच इथली नैसर्गिक लांबी. तुम्हाला कॅम्पेनच हवं असेल तर डी१०० धरा आणि अशी आठ-दहा झीन्स नकाशावर पेरा. एकसंध कथानक तरीही मिळणार नाही, आणि ते नसेल तर मजा नाही असं तुमचं मत असेल तर हा गेम तुमच्यासाठी नाही. त्यात कमीपणा कसला?

आता सजावट. काळ्यावर पिवळं, त्यावर गुलाबी शाई सांडलेली, अक्षरं उलटीपालटी. मूळ पुस्तकात हे शोभतं, कारण तिथे महत्त्वाचा मजकूर मोठा दिसतो आणि लागणारा नियम चटकन सापडतो. शिवाय निव्वळ नियमांची साधी पीडीएफ फुकट मिळते. नक्कल करणाऱ्यांनी रंग घेतले, ही शिस्त सोडून दिली. खोली क्रमांक चार शोधायला तीन पानं उलटावी लागत असतील तर त्या लेआउटला मी सरळ वाईट म्हणतो.

फासा टाकून नोंद निवडायच्या रँडम टेबलांचंही तेच. ‘प्रेताच्या खिशात काय?’ या टेबलात सडलेला दात, काळं रक्त, मेलेला उंदीर अशा वीस नोंदी असतील तर ती वीस वेळा लिहिलेली एकच नोंद आहे. याउलट ‘अंगठी, जी वेशीवरचा पहारेकरी ओळखतो’ एवढं लिहिलं की पुढचा अर्धा तास जीएमला काही सुचवावं लागत नाही. मी सप्लिमेंट चाळताना अशा नोंदी शोधतो. सापडल्या नाहीत तर चित्रं कितीही देखणी असोत, पुस्तक बंद. नवीन क्लासेसबद्दल (कॅरेक्टरच्या तयार प्रकारांबद्दल) मात्र माझं मत तुमच्यापेक्षाही कडक आहे: दहातले नऊ म्हणजे एक विनोद आणि एक जास्तीचं हत्यार. ते विकत घेऊ नका.

‘मग आधी काय घ्यावं?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय, थोडं खवचटपणे का होईना. काहीच नको. फुकटच्या नियमांवर मूळ पुस्तकातलं ‘रॉटब्लॅक स्लज’ किंवा तुमचंच एखादं छोटं डंजन खेळवा. खेळताना जिथे जीएम म्हणून तुम्ही अडाल, बाजारात अडलात तर बाजाराचं, जंगलात अडलात तर जंगलाचं, तेवढंच झीन शोधा. आणि वाचून नव्हे, खेळवून झाल्यावर पुन्हा भांडायला या.