शफी इनामदार नुसते उभे राहायचे? निपाणीच्या वाचकांना उत्तर

दादा, नमस्कार. तुमची कमेंट परवा रात्रीच वाचली, पण मोबाईलवरून दोन ओळीत उत्तर टाकून मोकळं व्हावं अशी ती नव्हती, म्हणून आज नीट बसून लिहितेय. बाकीच्यांनाही कळावं म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. शफी इनामदारांवरच्या माझ्या पोस्टबद्दल तुमच्या तीन तक्रारी आहेत. दूरदर्शनवरच्या 'ये जो है जिंदगी' या जुन्या हिंदी विनोदी सिरियलमध्ये सगळं काम सतीश शाहनी केलं, शफी बाजूला उभे राहून नुसते वैतागायचे, त्यांना त्या सिरियलचा आधार म्हणणं म्हणजे अतीच झालं, ही पहिली. मी त्यांना रत्नागिरी शहरातले लिहिलं ते चूक, ही दुसरी. आणि तुम्हाला सगळ्यात जास्त लागलेली तिसरी, की सीमाभागात आपण इतकी वर्षं मराठीसाठी भांडतोय आणि मी इथं बसून हिंदी सिरियलच्या नटावर पानंच्या पानं लिहितेय.

दुसरीचं उत्तर लगेच देते. तुमचंच बरोबर आहे, ते दापोली तालुक्यातले, जन्म 23 ऑक्टोबर 1945 चा. पोस्टमध्ये दुरुस्ती केलीय, आभार.

आता सतीश शाह. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते मी पोस्टमध्ये लिहिलं नाही हे खरं, आणि त्यामुळे तुमचा गैरसमज झाला असणार. 25 ऑक्टोबर 2025 ला ते गेले त्या रात्री मी झोपले नाही. 'जाने भी दो यारों' मधला तो कमिशनर डिमेलो, अर्धा सिनेमा प्रेत होऊन वावरायचं आणि तरीही पडद्यावरची नजर आपल्यावरून हलू द्यायची नाही, हे दुसऱ्या कुणाला जमलं असतं असं मला वाटत नाही. आणि 'ये जो है जिंदगी' मध्ये तर दर भागात नवा माणूस, 55 भागात 55 भूमिका असं सगळीकडे सांगतात, मिशी बदलायची, भाषा बदलायची, चाल बदलायची. ते गेल्यावर चार-पाच दिवस सगळ्या ग्रुपवर त्यांच्याच क्लिपा फिरत होत्या. आमच्या घरी भाचा एक क्लिप बघत होता आणि त्यानं मला विचारलं, अक्का, हा बाजूचा माणूस कोण गं? तो बाजूचा माणूस म्हणजे शफी इनामदार. माझी पोस्ट त्या एका प्रश्नातून आलीय दादा. सतीश शाहना कमी लेखायला नाही.

पण 'नुसते उभे राहायचे' हे मला मान्य नाही, आणि का नाही ते सांगायला मला आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीत जावं लागेल.

1985 च्या सुमाराची गोष्ट. गल्लीत टीव्ही एकच, ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा, आणि तो आमच्या शेजारच्यांकडे. दिवसभर गल्लीत मागांचा खडखडाट, शुक्रवारी रात्री मात्र नऊच्या आधी सगळं शांत, कारण बाबांसकट सगळी मागवाली मंडळी हातपाय धुऊन त्या खोलीत येऊन बसलेली. एक पोरगा वर पत्र्यावर अँटेना धरून, खाली दारातून कुणीतरी ओरडतंय, थोडं डावीकडे, हां, आता बास, तिथंच थांब की ओ! मग किशोरकुमारच्या आवाजात ते शीर्षकगीत लागायचं आणि पत्र्यावरचा पोरगा धडाधड खाली पळत यायचा आणि त्याबरोबर चित्र परत हलायचं.

त्या खोलीत एक अज्जी यायची. घरी कन्नड बोलणारी, मराठी तोडकंमोडकं, हिंदी तर अजिबात नाही. संवादातलं एक अक्षर तिला कळत नसणार, पण हसायची सगळ्यांच्या आधी. मी लहान, मला त्याचं फार नवल वाटायचं, म्हणून एकदा मी टीव्ही सोडून तिच्याकडेच बघत बसले. तर ती सतीश शाहकडे बघतच नव्हती हो. ती रणजितकडे बघत होती. म्हणजे शफी इनामदारांकडे. समोरचा विचित्र पाहुणा काय बोलला ते तिला रणजितच्या तोंडावर वाचता यायचं. आधी त्याचा सभ्य हसरा चेहरा, मग भुवई जराशी वर, मग डोळे बायकोकडे, रेणूकडे, हा माणूस आपल्या घरात कुणी आणला असं विचारणारे, आणि मग तो लांब श्वास. त्या श्वासाला अज्जी म्हणायची, अय्यो पाप! आणि हसत सुटायची.

मला वाटतं या कामाला आपल्याकडे नावच नाही, म्हणून ते दिसत नाही. विनोदी नाटकात एकानं गमती करायच्या असतात आणि एकानं त्या खऱ्या मानायच्या असतात. दुसऱ्यानं खऱ्या मानल्या नाहीत, त्यानंही डोळे मिचकावले, त्यालाही आपण विनोदात आहोत हे ठाऊक असल्यासारखा तो वागला, तर पहिल्याची मेहनत पाण्यात जाते. दर शुक्रवारी सतीश शाह नवीन माणूस होऊन यायचे, म्हणजे दर शुक्रवारी बघणाऱ्याला नव्यानं पटायला पाहिजे की हा खरंच मागच्या आठवड्यातला माणूस नाही. ते कुणामुळे पटायचं? रणजितमुळे. रणजितनं त्याला याआधी कधी पाहिलेलंच नाही हे शफींच्या डोळ्यात इतकं स्वच्छ दिसायचं की आपणही विसरून जायचो. परत बघा एखादा भाग, आवाज बंद करून बघा आणि फक्त शफींवर नजर ठेवा. ते वाट बघतात. समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ देतात, त्यावर एक क्षण जाऊ देतात, मग बोलतात. आणि त्या एका क्षणातच खोली हसायची. घरातले बाकीचे लोकसुद्धा त्यांच्याभोवतीच फिरायचे, स्वरूप संपतची रेणू, तिचा भाऊ राजा म्हणजे राकेश बेदी, ऑफिसातला बॉस टिकू तलसानिया. बॉसचा आरडाओरडा सहन करणारं कुणीतरी पाहिजे ना. शरद जोशींचं लिखाण धारदार होतं, कुंदन शाह सारखा दिग्दर्शक होता, पण ते घर घरासारखं वाटायचं ते रणजितमुळे, हे माझं मत कालही होतं आणि तुमची कमेंट वाचूनही तेच आहे.

आणि ते त्यांना फक्त विनोदातच जमायचं असंही नाही. 1983 चा 'अर्धसत्य' आठवा. ओम पुरींचा वेलणकर पेटलेला, आणि त्याला सांभाळून घेणारा, व्यवस्थेत राहून श्वास कसा घ्यायचा ते त्याला समजावणारा इन्स्पेक्टर हैदर अली म्हणजे शफी. तिथंही कामाचा मोठा भाग ऐकून घेण्याचाच. त्या काळात हिंदी सिनेमातला पोलीस एक तर आरडाओरडा करणारा नाहीतर शेवटी उशिरा येणारा, आणि हे हळू आवाजात बोलणारे, दमलेले, समजूतदार. पुढं त्यांना सारखे इन्स्पेक्टरचेच रोल येत गेले आणि त्याचं मला वाईट वाटतं, कारण रंगभूमीवर हा माणूस हिंदी, मराठी, गुजराती अशा भाषांतून काम केलेला, नाटकं बसवलेला होता. 1995 ला त्यांनी ऋषी कपूर आणि नाना पाटेकरला घेऊन 'हम दोनों' दिग्दर्शित केला. दिग्दर्शक म्हणून पुढं काय केलं असतं ते बघायला मिळालं नाही.

आता तुमची तिसरी तक्रार. यावर मी दोन दिवस विचार केला, कारण तुम्ही ते रागानं नाही, दुखून लिहिलंय हे कळतं. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आमच्या गल्लीतली पोरंसुद्धा होती. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकाला 1 जूनला आमच्या घरातलं कुणी ना कुणी जातंच. तेव्हा मराठीचं मला पडलेलं नाही असं कृपा करून म्हणू नका. पण दादा, दापोलीचा इनामदार मराठी नाही तर मग कोण मराठी? मुसलमान नाव आणि हिंदी सिरियल या दोन गोष्टींमुळे आपण त्याला आपल्या यादीतून काढून टाकायचं? ज्या 'अर्धसत्य'बद्दल आत्ता बोलले, त्याची मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची, पटकथा विजय तेंडुलकरांची, त्यातली कविता दिलीप चित्र्यांची, रामा शेट्टी झालेले सदाशिव अमरापूरकर नगरचे. तो सिनेमा हिंदीत आहे म्हणून ही सगळी माणसं आपली नव्हेत असं आपण म्हणतो का? नाही ना. मग शफींनाच वेगळी फूटपट्टी का. आपल्या बेळगावातच बघा, माझ्या आळीत मराठीत भांडणारी, मराठीतून बाजारहाट करणारी किती मुसलमान घरं आहेत, निपाणीतही असतीलच. शिरगणतीला आपण त्यांना आठवतो आणि कौतुकाच्या वेळी विसरतो, हे मला बरोबर वाटत नाही. आमचे शेजारचे चाचा दर शुक्रवारी रणजित पडद्यावर आला की बाबांना कोपरानं ढोसून सांगायचे, बघ, कोकणचा आहे. त्यांच्या आवाजातला तो अभिमान मला अजून ऐकू येतो. तो अभिमान आपलाही असायला काय हरकत आहे?

अजून एक धागा आहे, तो मागच्या पोस्टमध्ये राहून गेला होता. शफींच्या पत्नी म्हणजे भक्ती बर्वे. सांगलीच्या. 'ती फुलराणी' मधली मंजुळा ज्यांनी अजरामर केली त्या. ते नाटक लिहिलं पु. लं.नी, आणि पु. ल. म्हणजे आपल्या टिळकवाडीच्या आरपीडी कॉलेजात शिकवून गेलेले मास्तर, त्यांच्याबद्दल बेळगावात अजून दोन माणसं भेटली तर तीन किस्से निघतात. 'जाने भी दो यारों' मधली 'खबरदार'ची ती पक्की संपादक शोभा, तीही भक्ती बर्वेच. म्हणजे कुंदन शाहनी आधी पत्नीला घेऊन तो सिनेमा केला आणि पाठोपाठ पतीला घेऊन सिरियल केली. दोघांचं टायमिंग एकमेकांपासून किती वेगळं. त्या शब्दावर स्वार व्हायच्या, हे शब्द संपायची वाट बघायचे. दोघंही फार लवकर गेले. भक्तीताई 12 फेब्रुवारी 2001 ला मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवरच्या अपघातात, आणि शफी त्याच्या पाच वर्षं आधी.

ती तारीख तर आपल्यातलं कुणीच विसरणार नाही, फक्त वेगळ्या कारणासाठी. 13 मार्च 1996. ईडन गार्डन्स, वर्ल्डकपची सेमीफायनल, श्रीलंकेच्या 251 धावा. आपली 1 बाद 98, मग सचिन 65 वर स्टम्प झाला आणि बघता बघता 8 बाद 120, स्टेडियममध्ये बाटल्या, आग, मॅच श्रीलंकेला देऊन टाकली, कांबळी रडत बाहेर. आमच्या घरात त्या रात्री कुणी जेवलं नाही. त्याच रात्री तीच मॅच बघताना शफी इनामदारांना हार्ट अटॅक आला आणि ते गेले. वय फक्त 50. नंतर पेपरात मॅचच्या बातम्यांच्या गर्दीत कुठंतरी ते छापून आलं, बाबांनी वाचलं आणि पेपर घडी करून ठेवला. आईनं विचारलं काय झालं, तर म्हणाले, रणजित गेला. कोण रणजित, असं आईनं विचारलं नाही. तोपर्यंत घरात कलर टीव्ही आला होता, केबल आली होती, सिरियल बंद होऊन किती वर्षं झाली होती.

तुम्ही लिहिलंय की या विषयावर आता पुरे करा. तेवढं मात्र मी ऐकणार नाही, अजून एक पोस्ट त्यांच्या नाटकांवर लिहायची आहे आणि त्यासाठी मी माणसं हुडकतेय. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी, इकडं कोल्हापूर-सांगली, कुणी शफींना स्टेजवर बघितलं असेल, जुनी जाहिरात, तिकीट, पत्रक जपून ठेवलं असेल तर खाली लिहा. दादा, तुमच्या निपाणीत जुन्या नाटकवेड्यांपैकी कुणी आहेत का हो? तुम्हीच विचारून बघाल का?