दोन बॅटऱ्या म्हणजे एक जादा नव्हे

‘डिझेल पिकअपची पाच गुपितं, जी मेकॅनिक कधीच सांगणार नाही’ हा मेसेज गेला महिनाभर अमेरिकेतल्या आमच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. मला तो चौघांनी पाठवला, त्यात एक साताऱ्याचा आत्तेभाऊ. त्याची स्वतःची मालट्रक आहे, त्यामुळे त्याने खाली ‘खरं आहे का रे?’ असं विचारलं तरी. बाकीच्यांनी नुसतेच ‘लाइक’चे अंगठे टाकले. मिनेसोटात आमची छोटी नर्सरी आहे आणि रोपं, माती, खडी ओढायला एक डिझेल पिकअप आहे. मी मेकॅनिक नाही, पण अकरा हिवाळे ही गाडी सांभाळली, त्या जोरावर लिहितोय.

पहिलं गुपित असं: ‘या गाडीत 24 व्होल्टची सिस्टीम असते. दोनपैकी एक बॅटरी स्पेअर समजा. एक बसली तर तेवढीच बदला, निम्मे पैसे वाचतील.’ तीन वाक्यं आणि तिन्ही चूक.

24 चा आकडा कुठून आला असावा, ते मला आत्तेभावामुळे कळतं. आपल्याकडच्या मोठ्या ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीचा प्लस दुसरीच्या मायनसला अशा जोडतात, म्हणून बेरीज 24. फोर्डची सुपर ड्यूटी, कमिन्स इंजिनवाली रॅम, ड्युरामॅक्स इंजिनवाली शेवरले या गाड्यांत मात्र प्लसला प्लस आणि मायनसला मायनस असतो. व्होल्ट 12 च राहतात, करंट द्यायची ताकद दुप्पट होते. ती लागतेच. डिझेल इंजिन दाबून फिरवायला सेल्फला जोर लागतो आणि थंडीत त्याच्या आधी ग्लो प्लग (इंजिन आतून तापवणारी कांडी) किंवा आत जाणारी हवा तापवणारा हीटर आपला वाटा खाऊन बसलेला असतो. म्हणजे दुसरी बॅटरी स्पेअर नाही, ती रोज कामावर आहे. आणि मेसेजवर विश्वास ठेवून कुणी ही गाडी सुरू करायला बाहेरून 24 व्होल्टचा जंप दिला, तर आतले कॉम्प्युटर जळण्याची पुरेपूर तयारी झाली म्हणायची.

आता ‘एकच बदला’. मरतुकड्या बैलाशेजारी तगडा जुंपला तर काय होतं, हे गावाकडच्या माणसाला सांगायला नको. इथे तर त्याहून वाईट, कारण दोघांची वैरण एकाच गव्हाणीत. जुनी बॅटरी आतून गळत असते, ती खाली गेली की नवी तिला रात्रभर भरत बसते. सकाळी दोघीही अर्ध्या. नवीचं आयुष्य जुनीच्या मापाने संपतं. म्हणून बदलायच्या तर दोन्ही, एकाच जातीच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच वेळी. नवी घेऊन चार-सहा महिनेच झाले असतील आणि दुसरी कारखान्याच्या दोषाने गेली असेल, तर तेवढीच बदलली तरी मी नाक मुरडणार नाही.

कुठली गेली हे ओळखण्यातही एक मेख आहे, आणि मी तिथे फसलो होतो. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत गाडी सकाळी कण्हत सुरू व्हायची. मल्टिमीटर लावला: उजवीकडे 12.3, डावीकडे 12.3. मी म्हटलं, दोन्ही सारख्याच आहेत, म्हणजे चार्जिंगचा घोळ असेल. जोडलेल्या दोन बॅटऱ्या एकच आकडा दाखवणार, हे डोक्यात आलंच नाही. दोन हौद पाइपाने जोडल्यावर पाण्याची पातळी सारखीच दिसणार, त्यातला गळका कुठला ते कसं कळेल? शेवटी दोन्ही सोडवल्या, वेगवेगळ्या चार्ज केल्या आणि रात्रभर तशाच ठेवल्या. सकाळी उजवी 12.6, डावी 11.9. चोर सापडला.

आत्तेभावाच्या ट्रकमध्ये एकच बॅटरी लवकर जाते, त्याचं कारण वेगळं. टेप 12 व्होल्टचा, म्हणून वायर एकाच बॅटरीवरून ओढलेली. गाणी ऐकायची दोघांनी, झीज एकीची.

दुसरं गुपित जिवावर बेतू शकतं. ‘काम करताना एका बॅटरीचा मायनस काढला की करंट बंद.’ ट्रकच्या 24 व्होल्टच्या जोडणीत बॉडीला गेलेला मायनस काढला की खरंच सर्किट तुटतं. पिकअपमध्ये दुसरी बॅटरी तितकीच जिवंत असते. पाना प्लस आणि बॉडी यांच्यात अडकला की तो वेल्डिंगच्या कांडीसारखा तापतो. आधी दोन्ही मायनस काढा, मग दोन्ही प्लस. बसवताना उलट.

‘थंडीच बॅटरी मारते’ हे मेसेजमधलं वाक्य निदान अर्धं तरी बरोबर आहे. थंडीत ताकद घटते, म्हणून तर बॅटरीवरचा कोल्ड क्रँकिंगचा आकडा उणे 18 अंशांना 30 सेकंद किती करंट निघतो यावर ठरवतात. पण बॅटरीतल्या शिशाच्या जाळ्या कुजवतो तो जुलैतला उकाडा आणि बॉनेटखालची धग. आजार उन्हाळ्यात लागतो, कळतो डिसेंबरात.

टायरबद्दलची पहिली शिकवण: ‘टायरवर 80 छापलंय ना, मग चारीही चाकांत 80 भरा.’ टायरवरचा तो पीएसआयचा (हवेच्या दाबाचा) आकडा टायर बनवणाऱ्याचा आहे: या टायरने कमाल वजन उचलायचं तर थंड असताना इतकी हवा हवी. गाडी बनवणाऱ्याचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. माझ्या गाडीवर पुढे 60, मागे 80 आहे. पुढे 80 भरून रिकामी गाडी बर्फावर नेली, तर टायर मधल्या पट्ट्यावर घासतो, गाडी उसळते आणि ब्रेक लागायला हवा तिथे लागत नाही. एकदा मी हे करून पाहिलंय, दुसऱ्यांदा केलं नाही.

‘लांब पल्ल्यावर टायर तापला की वाढलेली हवा काढा.’ हे वाचून मला खरोखर राग आला. समजा सकाळी थंड टायरमध्ये 70 होती, दुपारी ट्रेलर ओढताना 80 दिसली. वाढणारच, कंपनीने ते धरूनच आकडा दिलाय. तुम्ही 10 काढली की दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टायरमध्ये उरते जेमतेम 61. कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो, मग थर सुटतात. असेच थर सुटतात म्हणून ऑगस्ट 2000 मध्ये फायरस्टोन या टायर कंपनीने सुमारे 65 लाख टायर परत मागवले. हे टायर बसवलेल्या फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांच्या त्या प्रकरणात टायरच्या बनावटीइतकाच वाद झाला तो फोर्डने सुचवलेल्या 26 पीएसआयवर. त्याच वर्षी कायदा झाला आणि त्यातून पुढे डॅशबोर्डवर हवेचा दिवा आला.

त्या दिव्यावरही विसंबू नका. हवा 25 टक्के कमी झाल्यावर तो लागला तरी नियम पाळला जातो, म्हणजे 80 ची 60 होईपर्यंत तो गप्प बसू शकतो. शिवाय भारासह कमाल वजन 4,536 किलोच्या वर असलेल्या किंवा मागे जोड टायर असलेल्या गाड्यांना ती सक्तीच नाही. आतला जोड टायर बसला तर बाहेरचा मुकाट्याने दोघांचं ओझं वाहतो. वरून काठी मारून आवाज ऐकणं ठीक आहे, पण काठीला 60 आणि 75 मधला फरक कळत नाही. गेज लावायचं, गाडी तीन तास उभी राहिल्यावर.

‘नायट्रोजन भरा आणि वर्षभर विसरा.’ साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. उरलेल्यासाठी पैसे द्यायचे तर द्या, झिरपणं थोडं कमी होतं, पण व्हॉल्व्ह गळका असेल तर तो काय गळतोय ते बघत नाही. आणि थंडी दोघांना सारखीच आकसवते. ऑक्टोबरात 15 अंशांना भरलेली 80, उणे 20 च्या सकाळी 68 दाखवते. लहान गाडीसाठी सांगतात तो ‘साडेपाच अंशांना एक पीएसआय’ हा हिशेब इथे चालत नाही, 80 च्या टायरला तो जवळजवळ दुप्पट पडतो.

टर्मिनलवरची बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, हे मात्र मेसेजमध्ये बरोबर आहे. मी त्यात एकच भर घालीन, आत्तेभावालाही तीच कळवली आहे: टायरची अदलाबदल करून आल्यावर 150 किलोमीटरच्या आत नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासायचे. परवा माझ्या मागच्या डाव्या चाकाचे दोन नट पाव फेरा फिरले.