पेशी वाढली, आराखडा तयार आहे

विकसनशील देशाची न्यायव्यवस्था बळकट करण्याचा दीर्घकालीन आराखडा लिहून देण्याचे काम तुमच्याकडे चालून आले, तर ते मुळीच नाकारू नका. त्या कामाला मान आहे, मानधन आहे, आणि आराखडा लिहिणाऱ्याला कोणताही निकाल द्यावा लागत नाही. या विषयात सल्ला देण्याचा माझा अधिकार एवढाच, की आमच्या शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, दावा १३ वर्षांपासून तालुक्याच्या कोर्टात चालू आहे आणि मागच्या बुधवारी अशाच एका आराखड्यासाठी, कोर्टाच्या व्हरांड्यात, माझे बहुमोल मत नोंदवून घेण्यात आले. मत नोंदवले गेले. पेशी मात्र वाढली, म्हणजे सुनावणीची तारीख पुढे गेली.

सुरुवात नेहमी दृष्टी, ध्येय आणि मूल्ये या तीन शब्दांनी करावी. जिल्ह्याच्या ठिकाणी एखादे वातानुकूलित सभागृह घ्यावे, भिंतीवर रंगीत कागदाचे तुकडे चिकटवावेत आणि बलस्थाने, उणिवा, संधी व धोके अशा चार चौकटी दोन दिवस भरत बसावे. न्यायाधीशांना या कार्यशाळेला बोलवावेच, आणि शक्यतो कामकाजाच्या दिवशी बोलवावे. म्हणजे विलंबावर चर्चा चालू असताना विलंबही चालू राहतो आणि चर्चेला ताजे उदाहरण मिळते. न्यायालयीन उत्कृष्टतेची एक आंतरराष्ट्रीय चौकट २००८ साली तयार झाली आहे, तिच्यात सात क्षेत्रे आहेत आणि ‘पक्षकारांच्या गरजा व समाधान’ हे मूळ आवृत्तीत त्यांतले एक होते. चौकट वाईट नाही. पण सातही रकाने भरले की न्यायालय उत्कृष्ट झाले, असे समजण्याची मुभा तुम्हाला आहे, आणि ती सगळेच घेतात.

आराखड्याला खांब पाच असावेत. आमच्या कोर्टाच्या व्हरांड्याला चार आहेत आणि त्यांतला एक तडकलेला आहे.

न्यायाधीशांच्या संख्येचा विषय टाळू नये, पण तो परिशिष्टात न्यावा. १९८७ साली विधी आयोगाने आपल्या १२०व्या अहवालात सांगितले, की दर १० लाख लोकसंख्येमागे साडेदहाच न्यायाधीश आहेत, ते ५० करावेत. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने हीच संख्या पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने गाठण्याचा निर्देश दिला. आज मंजूर पदे धरूनही आकडा २१च्या आसपास घुटमळतो आहे, आणि मंजूर पद म्हणजे नुसती खुर्ची. तिच्यावर माणूस असतोच असे नाही. आमच्या कोर्टातले साहेब आठवड्यातले दोन दिवस शेजारच्या तालुक्याचा कार्यभार पाहतात, बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, रोज ८०-९० प्रकरणे लागलेली असतात, आणि हा गृहस्थ संध्याकाळी सहानंतर दिव्याखाली निकालपत्र लिहीत बसलेला मी स्वतः पाहिला आहे. अशा माणसासाठी तुम्ही ‘वेळेचे व्यवस्थापन’ या विषयावर प्रशिक्षण सुचवावे.

पैशाची चिंता करू नये. तेराव्या वित्त आयोगाने २०१० ते २०१५ या काळासाठी न्यायदान सुधारण्याकरिता ५ हजार कोटी रुपये ठेवले होते; त्यातून सकाळ-संध्याकाळची न्यायालये चालायची होती, लोकअदालती भरायच्या होत्या, न्यायालय व्यवस्थापक नेमायचे होते. त्यातला मोठा भाग खर्चच झाला नाही. धरण भरलेले असते आणि पाटाला पाणी सुटत नाही, हे आम्हा विदर्भातल्या कास्तकारांना नवीन नाही, तेव्हा आम्ही तक्रार करणार नाही.

ग्राम न्यायालय अधिनियम २००८ साली झाला, २ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाला, आणि न्यायाधिकाऱ्याने गावात येऊन कामकाज चालवावे असे त्यात लिहिले आहे. आमच्या गावात अजून रस्त्याचे काम चालू आहे, त्यामुळे ते आले नसावेत.

तंत्रज्ञानावर मात्र एक पूर्ण प्रकरण हवे. न्यायालयांच्या संगणकीकरणाचे राष्ट्रीय धोरण २००५ सालचे आहे, आणि ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले. पूर्वी पेशी वाढल्याचे कोर्टात पोचल्यावर कळत असे. आता ते मोबाइलवर कळू शकते, ही सुधारणा नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. प्रत्येक प्रकरणाला १६ अंकाक्षरांचा एक क्रमांक मिळाला आहे आणि आमचा मला पाठ आहे. अडचण एवढीच आहे, की दावा माझ्या वडिलांनी दाखल केला होता आणि नोंदणीच्या वेळी मोबाइल नंबर त्यांचा दिला होता. वडील दाव्याच्या सातव्या वर्षी गेले. वारस म्हणून माझे नाव लागायला १४ महिने लागले, कारण प्रतिवादी क्रमांक चार सुरतेला कामाला गेलेला होता आणि त्याच्या नावाची नोटीस ‘घरास कुलूप’ या शेऱ्यासह पाच वेळा परत आली. दप्तरात माझे नाव लागले, पण नंबर बदलण्याचा अर्ज अजून कोणत्या तरी फायलीत आहे. त्यामुळे बाबांचा जुना फोन आम्ही अजून चार्ज करून भिंतीतल्या देवळीत ठेवतो, त्यात दर महिन्याला रिचार्ज मारतो, आणि गेलेल्या माणसाला कोर्ट पुढची तारीख कळवत राहते. घरात रेंज नसल्याने ती त्यांना पेशीच्या दुसऱ्या दिवशी कळते. तुमच्या आराखड्यात याची नोंद ‘डिजिटल समावेशन’ या मथळ्याखाली यशोगाथा म्हणून करता येईल.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. पेशी या गोष्टीला आराखड्यात हात लावू नये. दाखल प्रकरणे मोजावीत, निकाली प्रकरणे मोजावीत, पाच वर्षांवरची आणि दहा वर्षांवरची वेगळी मोजावीत, त्यांचे रंगीत आलेख काढावेत; पण पेशीला येऊन हात हलवत परत गेलेला माणूस कधीही मोजू नये, कारण तो एकदा मोजायला घेतला की तुमचे पाचही खांब डगमगू लागतील. मागच्या बुधवारचेच घ्या. कपाशी फुटून लोंबत होती, वेचणाऱ्या बायांना आदल्या रात्री सांगून ठेवले होते, आणि मी त्यांना वावरात सोडून ३८ किलोमीटरवरच्या कोर्टात पहिल्या एसटीने गेलो; कारण त्या दिवशी आमच्या धुऱ्याची मोजणी केलेल्या भूकरमापकाची साक्ष होती. हे गृहस्थ आता निवृत्त झाले आहेत, दुसऱ्या जिल्ह्यात राहतात, गुडघे धरून जिना चढतात, आणि त्यांची ही चौथी खेप होती. पहिल्या खेपेला प्रतिवादीच्या वकिलांना सुतक होते. दुसऱ्या खेपेला वकील मंडळी कामकाजापासून अलिप्त, म्हणजे संपावर, होती. तिसऱ्या खेपेला साहेबांची बदली झालेली होती. दिवाणी प्रक्रिया संहितेत दुरुस्ती होऊन २००२ पासून असे लागू झाले आहे, की सुनावणी चालू झाल्यावर एका पक्षाला तीनपेक्षा अधिक तहकुबी देऊ नयेत. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अपवादात्मक परिस्थितीची वाट मोकळी ठेवली, आणि आमच्याकडे तेव्हापासून परिस्थिती रोजच अपवादात्मक असते. शिवाय सुतक, अलिप्तता आणि बदली यांची तहकुबी कोणाच्या खात्यावर लिहायची, हे कोणीही सांगत नाही. चौथ्या खेपेला काय झाले? सव्वाअकराला पट्टेवाल्याने दारातूनच सांगितले, “काका, सायेब टरेनिंगले गेले. पेशी वाढली, तारीख घेऊन जा.” भूकरमापक काही बोलले नाहीत. त्यांनी पिशवीतून मोजणीच्या नकाशाची घडी काढली, ती फाटली तर नाही ना हे पाहिले, आणि परत आत ठेवली. त्यांचा भत्ता मी भरला, त्यांचा चहा मी पाजला, वावरात त्या दिवशी माझ्या नजरेआड काय वेचले गेले ते वेचले गेले, आणि त्या दिवसाची नोंद न्यायव्यवस्थेच्या कोणत्याही कागदावर ‘पुढील तारीख’ या दोन शब्दांपलीकडे नाही. असे आमचे किती दिवस गेले, हे मी वहीत लिहून ठेवले आहे. हा आकडा देशातल्या कोर्टांची आकडेवारी दाखवणाऱ्या कोणत्याही डेटा ग्रिडवर नाही, आणि कोणी तो मागितलाही नाही.

मागितले ते माझे समाधान. व्हरांड्यात पक्षकारांसाठी जे एक लाकडी बाकडे होते, ते भिंतीकडे सरकवून तिथे टेबल मांडले होते आणि गळ्यात ओळखपत्र घातलेली एक शिकलेली मुलगी एक ते पाच गुणांत आमचे समाधान मोजत होती. ती बिचारी रोजंदारीवर आलेली असावी, तिच्यावर माझा राग नाही. स्वच्छतेला किती, कर्मचाऱ्यांच्या वागणुकीला किती, फलकांच्या स्पष्टतेला किती, असे २२ प्रश्न होते. आज तुमचे काम झाले का, हा प्रश्न त्यांत नव्हता. माझ्या पुढे खावटीच्या प्रकरणासाठी आलेली एक बाई कडेवर लेकरू घेऊन उभी होती. ती म्हणाली, “पोरी, थे लिवनं राहू दे, माही पेशी आज होते का नाही थे सांग.” मुलीने तिच्या कागदावर लिहिले: प्रक्रियेबाबत जाणीवजागृतीचा अभाव. माझ्या मागे माझाच चुलतभाऊ होता, म्हणजे प्रतिवादी क्रमांक एक. १३ वर्षे तो आमचे ११ गुंठे वाहतो आहे, दर तारखेला त्याचे एक पीक घरात जाते, आणि त्याने सगळ्या रकान्यांत पाचपैकी पाच गुण दिले. तुमच्या अहवालातला समाधानी पक्षकार तो आहे, हे ध्यानात ठेवा.

निकाली प्रकरणांचा आकडा फुगवण्याची युक्ती सांगायची राहिली. वादी गैरहजर म्हणून खारीज झालेला दावाही निकालीच असतो, आणि लोकअदालतीच्या दिवशी वाहतुकीची ई-चलने मिटवली की आलेख एका रात्रीत उंच होतो.

माझे विनोद आता संपले. तुम्ही लोक दर पाच वर्षांनी येता, नवीन मुखपृष्ठ आणता, आणि ज्याच्यासाठी हे सारे चालले आहे त्या माणसाला ‘हितसंबंधी घटक’ म्हणता. अरे, तो माणूस ३८ किलोमीटरवरून मजुरी बुडवून आला आहे, त्याला तुमची दृष्टी नको, दिलेल्या तारखेला आपला पुकारा हवा आहे! एका दिवसात दहा साक्षी होत नसतील तर ८० प्रकरणे बोर्डावर लावता कशाला? साहेब त्या दिवशी नसणार हे पंधरा दिवस आधी ठरलेले होते, तर निवृत्त म्हाताऱ्या साक्षीदाराला एक फोन करायला कोणता टप्पा मंजूर व्हावा लागतो? वकिलांनाही सांगतो, फी आमच्याकडून घेता आणि तहकुबीचे अर्ज एकमेकांच्या सोयीने देता, आणि मग कोर्टच मंद आहे असे आम्हालाच समजावता. लाज वाटली पाहिजे. आम्ही पक्षकारही धुतल्या तांदळासारखे नाही. उलट बाजूला असतो तेव्हा तारीख वाढली की आम्हीही पेढे वाटल्यासारखे हसत बाहेर येतो, मी स्वतः एका दुसऱ्या प्रकरणात तसे हसलेलो आहे. पण तुम्ही तर पगार घेऊन आला होतात. आमच्या कोर्टात समन्स पोचवणाऱ्या बेलिफाच्या चार जागांपैकी दोन रिकाम्या आहेत, आणि उरलेल्या दोघांच्या वाट्याला शंभरावर गावे आहेत, म्हणून समन्स तामील होत नाहीत, म्हणून वारस लागत नाहीत, म्हणून दावे लटकतात. ही गोष्ट शोधायला सभागृह भाड्याने घ्यावे लागत नाही. तुमच्या टेबलापासून दहा पावलांवर या बेलिफांचे काम पाहणारा नाझर बसला होता. दिवसभरात तुमच्यापैकी एकानेही त्याच्या दारात जाऊन विचारले नाही.